रविवारचा वाचक

४ फेब्रुवारी

प्रिय बारके,

या घरात आणि दुकानात माझ्या हातचं काय काय आहे ते आधी लिहितो, म्हणजे पुढचं मागणं तुला समजेल. कामाचं टेबल, ज्याचा एकही पाय डुगडुगत नाही. सुयांचं सोळा खणांचं कपाट, प्रत्येक खणात एकाच नंबरच्या सुया. दुकानाची पाटी, अक्षरांसकट. फोटो काढायची पांढरी पेटी, जिच्यात ठेवलेल्या स्क्रूची सावली पडत नाही. आणि शिलाई मशीन दुरुस्तीचा ब्लॉग. त्यातला प्रत्येक लेख, प्रत्येक फोटो, पानांची मांडणी, आणि कुठल्या पानावर कुठल्या गावाहून कोण आलं ते नोंदणारा मोजणीचा प्रोग्राम, तोही मीच लिहिला. असे प्रोग्राम तयार मिळतात हे मला ठाऊक होतं. तयार तर शर्टही मिळतात.

आता अडचण. माझं उजवं मनगट गेलं आहे. म्हणजे जागेवर आहे, पण सकाळी स्क्रू-ड्रायव्हर धरला की कळ खांद्यापर्यंत जाते. डॉक्टरीण म्हणाली, निम्मं काम कमी करा. कुठलं निम्मं, असं मी विचारलं, तर तिला सांगता येईना. दुकानातलं काम कमी करता येत नाही, तेव्हा ब्लॉगचं करायला हवं.

रोज दुकान उघडण्याआधी मी कॉमेंटी वाचतो आणि उत्तरं लिहितो. जुन्या लेखांतल्या लिंका दाबून बघतो, मेलेली असेल ती काढतो. फोटो एकेक करून लहान करतो. मग मथळा. मथळ्याला माझा फार वेळ जातो, आणि जायलाच हवा. गिऱ्हाईक दुकानात शिरल्यावर जे पहिलं वाक्य बोलतं, तोच माझा मथळा. परवा एक बाई मशीन टेबलावर आदळून म्हणाल्या, हे खालून नुसतं जाळं विणतंय. संध्याकाळी लेख तयार : ‘मशीन खालून जाळं विणतंय?’ तुमच्या मथळे सुचवणाऱ्या टूलला विचारलं असतं तर त्याने ‘खालच्या धाग्याच्या ताणातील दोष’ असं काहीतरी सुचवलं असतं. तसं टाइप करून आजवर कुणी काही शोधलेलं नाही. माणूस रडकुंडीला येतो तेव्हा शोधायला बसतो, आणि रडकुंडीला आलेला माणूस ‘दोष’ म्हणत नाही.

तू दिवसभर दुसऱ्यांच्या साइटी सांभाळतेस. मला एवढी वाटणी करून दे : कुठलं काम यंत्रावर सोपवायचं आणि कुठलं हातानेच करायचं. लिहून कळव. फोनवर दोन्ही बाजू तूच बोलतेस.

दादा


१५ फेब्रुवारी

दादा,

तुझं पत्र ऑफिसात वाचलं आणि असं हसू फुटलं की शेजारची उठून बघायला आली. लहानपणी मला सायकलच्या चाकात हवा भरू दिली नाहीस, का, तर माझा पंप तिरका लागतो. तो माणूस मला कामाची वाटणी करायला सांगतोय. हे पत्र मी फ्रेम करून लावणार आहे.

पण मनगटाचं वाचून हसू ओसरलं. रात्री शेक घे. नुसतं ‘हो’ म्हणू नकोस, घे.

माझा इथला नियम सांगते. ज्या कामात चूक झाली तर लगेच दिसते, ते यंत्राला द्यायचं. जिथे चूक झाली तरी आपल्याला दिसत नाही, आणि वाचणाऱ्याला मात्र भोगावी लागते, ते स्वतःकडे ठेवायचं. या हिशेबाने फोटो लहान करणं, मेलेल्या लिंका शोधणं, बॅकअप, नवा लेख आला की वाचकांना मेल पाठवणं, हे सगळं यंत्राकडे. मी इथूनच लावून देते. मथळे तुझ्याकडे. फोटो काढणं तुझ्याकडे. कॉमेंटींच्या उत्तरांचा कच्चा मसुदा यंत्र करेल, तू सुधारायचा. इथे तू नाक मुरडणार हे मला दिसतंय.

तू इस्पितळात होतास तेव्हा तुझ्या लेकाने यंत्राकडून चाळीस लेख लिहून घेतले आणि ब्लॉगवर चढवले, ते तुझ्या डोक्यातून गेलेलं नाही. एका लेखात मशीनच्या पट्ट्याला तेल द्या असं होतं आणि एका बाईने ते दिलंही, पट्टा घसरायला लागला, ती रडत दुकानात आली, सगळं मान्य. पण गुंड्याच्या मनात एवढंच होतं की बाबा उठून येईपर्यंत ब्लॉग थंड पडू नये. तू घरी आलास, चाळीसच्या चाळीस उडवलेस, आणि आठवड्याभरात तो घर सोडून गेला. असो. मी पुन्हा तिथेच येते, चुकलं.

राहिली साफसफाई. ज्या पानांवर कुणी येत नाही ती काढायची, किंवा चांगल्या पानात मिसळून टाकायची, म्हणजे बाकीची पानं सर्चमध्ये वर येतात. टूलने यादी काढली आहे, सोबत जोडते. मी नीट पाहिलेली नाही, तूच बघ.

बारकी


२४ फेब्रुवारी

प्रिय बारके,

तू लावून दिलेली कामं आठवडाभर तपासली. फोटो लहान करणाऱ्याने पहिल्या दहा फोटोंत स्टील राखेसारखं करून ठेवलं होतं. स्टील राखेसारखं दिसलं की वाचकाला वाटतं आपलं मशीन गंजलंय. सेटिंग बदललं, आता ठीक. लिंका तपासणाऱ्याने अकरा मेलेल्या काढल्या. त्यातल्या चार मी गेल्याच महिन्यात स्वतः दाबून बघितल्या होत्या. त्या त्यानंतर मेल्या असणार.

उत्तरांचा मसुदा बंद कर. एका बाईंनी विचारलं होतं, सुई सारखी मोडते. यंत्राने मसुद्यात लिहिलं, सुई बदला. मी त्यांना उलट विचारलं, शिवताय काय? तर त्या घरच्या मशीनवर दप्तरांचे पट्टे शिवत होत्या. यंत्र लगेच उत्तर देतं. मी आधी प्रश्न विचारतो. ही वाटणी पक्की.

साफसफाईच्या यादीतली सहा पानं खुशाल काढ. सातव्याला हात लावायचा नाही. ‘बॉबिन केस कशी बसवावी.’ मला माहीत आहे की तो लेख जुना आहे, त्याच विषयावरचा नवा लेख सरस आहे, आणि जुन्यावर आठवड्याला एकच माणूस येतो.

तो माणूस गुंड्या आहे.

हे मी कुणाला बोललेलो नाही. त्या पानावरच्या फोटोत बॉबिन केस धरलेली बोटं त्याची आहेत, तुला आठवत असेल. बारा वर्षांचा होता. नखं स्वच्छ नाहीत म्हणून मी त्याला तीनदा हात धुवायला पाठवलं आणि तिसऱ्यांदा तो आंघोळच करून आला. घर सोडून गेल्यावर तो कुठल्या शहरात आहे हे मला तुझ्याकडूनच कळलं. त्यानंतर महिनाभरात माझ्या मोजणीत त्या शहरातून, त्याच एका पानावर, दर रविवारी सकाळी एकजण यायला लागला. रविवार म्हणजे सुटीचा दिवस. दोन वर्षं झाली, एकही रविवार चुकलेला नाही.

वर्षभरात तुला त्याच्या दोन ओळी आल्या, त्या तू मला वाचून दाखवल्यास. मला काहीच येत नाही असं तुला वाटत असेल. मला दर रविवारी येतं.

दादा


११ मार्च

दादा,

उत्तराला उशीर झाला. ऑफिसात धावपळ होती, मग सर्दी झाली, मग नुसतीच बसून राहिले.

सातवं पान जागेवर आहे. त्याला मी हात लावणार नाही, यंत्रही लावणार नाही.

एक विचारू? तो गुंड्याच आहे असं तू कशावरून म्हणतोस? त्या शहरात शिलाई मशीनं लाखांनी असतील. दुसरं कुणी असलं तर? आणि असला तोच, तरी असं पानाआडून बघत बसण्यापेक्षा तू त्याला सरळ पत्र का लिहीत नाहीस? पत्ता माझ्याकडे आहे. त्या दिवशी तू त्याला म्हणालास, ‘यंत्राला लाज नसते, आणि तुलाही नाही.’ वहिनी असती तर तिने तुला जेवताना चार शब्द सुनावले असते आणि दुसऱ्या दिवशी सगळं निवळलं असतं. ती नाही, म्हणून मी लिहितेय. आधी एक साधं पत्र लिही. बाकीचं मी नंतर सांगेन.

शेक घेतोस का?

बारकी


१९ मार्च

प्रिय बारके,

शेक घेतो.

तू पुरावा मागितलास. तो सर्चमधून येत नाही, सरळ पानाचा पत्ता देऊन येतो, म्हणजे त्याला पत्ता पाठ आहे. बाकी कुठलं पान उघडत नाही. कॉमेंट करत नाही. उघडतो, बघतो, मिटतो. आणि येतो तो घड्याळ लावून, एक मिनिट इकडे-तिकडे नाही. आपल्या घरात इतका वेळेचा पक्का कोण आहे? मी. आणि माझ्या हाताखाली वाढलेला कोण? शाळेत असताना घंटेआधी पोचून फाटक उघडायची वाट बघणारं पोर ते.

आता तुला आणखी एक सांगतो. दर शनिवारी संध्याकाळी मी त्या पानाच्या तळाशी एक टीप बदलतो. दिसायला दुरुस्तीचीच टीप, म्हणजे इतरांना खटकायला नको. पण ती त्याच्यासाठी असते. रविवारी सकाळी तो वाचून जातो. एकदा कुणीतरी कॉमेंटमध्ये विचारलंही, दुकानाच्या शटरचा आणि बॉबिन केसचा काय संबंध? मी उत्तर दिलं, वंगणाचा. ते खोटं नव्हतं.

पत्राचं म्हणतेस. पत्र लिहिलं तर त्याला उत्तर द्यावं लागेल, किंवा न देता बसावं लागेल, आणि दोन्हीत त्याची पंचाईत. टिपेला उत्तर द्यावं लागत नाही. पण तू लिहिलंस त्यावर मी विचार केला. दर रविवारी त्याने दारापर्यंत यायचं आणि मी आत खुर्चीत बसून त्याची पावलं मोजायची, हे बरं दिसत नाही. मोठा मी आहे. ५ एप्रिलच्या रविवारचं तिकीट काढलंय. पत्ता कळव. सकाळी तो पान उघडतो, त्याच वेळी दार वाजवीन. त्याला काही समजावून सांगावं लागणार नाही.

नवा शर्ट शिवायला टाकला आहे. तयार नव्हे.

दादा


२५ मार्च

दादा,

हे पत्र बसून वाच.

रविवारी सकाळी त्या पानावर येतं ते गुंड्या नाही. ते मी लावलेलं यंत्र आहे.

तू रागाच्या भरात चाळीस लेख उडवलेस, तेव्हा मला भीती वाटली की बॉबिन केसचं पानही उडवशील. त्याच्या बोटांचा तेवढा एकच फोटो आपल्याकडे उरला होता. म्हणून मी त्या पानावर एक पहारेकरी बसवला. असे मिळतात, फुकट असतात. आठवड्यातून एकदा पान उघडतात आणि काही बदललं असेल तर काय बदललं ते आपल्याला मेल करतात. कुठल्या शहरातून तपासायचं असं त्याने विचारलं. कुठलंही चाललं असतं. यादी उघडली आणि माझं बोट गुंड्याच्या शहरावर गेलं. वाटलं, त्याच्या बाजूने कुणीतरी घराकडे बघत राहील. बस, एवढंच. तयार मोजणीचे प्रोग्राम असल्या यंत्रांना गाळून टाकतात. तुझा हातचा आहे, तो दारात आलेल्या प्रत्येकाला माणूस समजतो.

तुझं २४ फेब्रुवारीचं पत्र आलं तेव्हाच मला उमगलं होतं. मग मी पंधरा दिवस गप्प बसले आणि सर्दीचं कारण सांगितलं. सर्दी नव्हती. पहारेकरी काढावा तर तुला वाटेल गुंड्या यायचा थांबला. ठेवावा तर तुला फसवत राहायचं. म्हणून पत्र लिही, पत्र लिही म्हणत होते. तू एकदा लिहिलं असतंस तर नंतर हे सांगणं सोपं गेलं असतं.

आता त्याहून वाईट. पान बदललं की त्याने मला मेल करायचं, आणि तू तर दर शनिवारी पान बदलत होतास. ते मेल मला येत होते. पण माझ्याकडे असल्या सूचना दिवसाला शंभर येतात, सगळ्या क्लायंटांच्या, म्हणून त्या परस्पर एका फोल्डरमध्ये जायची सोय मी करून ठेवली आहे. ते फोल्डर मी उघडत नाही. परवा उघडलं. दोन वर्षांच्या तुझ्या सगळ्या टिपा तिथे ओळीने पडल्या होत्या, न वाचलेल्या.

‘टीप : बॉबिन केस बसली की खट्ट आवाज येतो. नाही आला तर जोर करू नये, काढून पुन्हा बसवावी.’

‘टीप : दुकानाच्या शटरला वंगण घातलं आहे. आता एका हाताने उघडतं, आवाज होत नाही. कुणी लवकर आलं तरी शेजाऱ्यांची झोप मोडणार नाही.’

‘टीप : खिडकीजवळचं काळं मशीन विकलेलं नाही. गिऱ्हाइकं विचारतात. ते ज्याचं आहे त्याचं आहे.’

‘टीप : चष्म्याचा नंबर वाढला. सुईत दोरा ओवायला वेळ लागतो. ओवला जातो.’

दादा, तू माझ्याशी जन्मभरात इतकं बोललेला नाहीस.

त्या सगळ्या मी कागदावर हाताने उतरवून काढल्या. छापून घेता आल्या असत्या, पण मला ते करवेना. पाकीट करून गुंड्याला पाठवलं आहे. तुला विचारलं असतं तर तू नाही म्हणाला असतास, म्हणून विचारलं नाही. त्याचा पत्ता खाली देते. जा, नको जाऊस, तुझं तू ठरव, पण तो दाराआड तुझी वाट बघत असेल असं समजून जाऊ नकोस.

मला शिव्या दे, पण लिही.

बारकी


२ जून

बारके,

तुझं पत्र वेळेवर मिळालं होतं.

तिकीट परत केलं. मोजणीचा प्रोग्राम दुरुस्त केला, आता यंत्रं गाळली जातात. एकूण वाचक निम्म्यावर आले आहेत. त्या पानावर रविवारी कुणी नसतं. तुझा पहारेकरी मी अडवला, त्याच्याकडून आता तुला काही येणार नाही.

शनिवारच्या टिपा बंद आहेत. दोन-तीन शनिवार हात तिकडे गेला. कुणासाठी लिहायचं ते कळेना, तेव्हा सुयांचं कपाट रिकामं करून पुसलं आणि पुन्हा लावलं.

लिंका आणि फोटोंचं काम यंत्र नीट करत आहे, त्याबद्दल तक्रार नाही. मनगट तसंच आहे.

चूक माझ्या प्रोग्रामची होती, तुझी नव्हे. हे आधी लिहायला हवं होतं. लिहायला घेतलं की वाटे, अजून त्याचं काही उत्तर आलं का ते आधी विचारावं, आणि ते विचारवेना.

दादा


१६ जून

दादा,

विचारलंस एकदाचं.

आलंय. कालच आलं. तो ‘मी विचारलं म्हणून सांगू नको’ असं म्हणतो, तेव्हा काही सांगत नाही, अख्खं पत्रच जसंच्या तसं उतरवून पाठवते.

‘आत्या,

पाकीट मिळालं. तुझं अक्षर लावायला चार दिवस गेले. मग पुढचे दोन महिने काय लिहावं ते सुचलं नाही.

ते पान मी कधीच उघडलेलं नाही. बाबांची साइटच उघडलेली नाही. एकदा पत्ता अर्धा टाइप केला होता आणि फोन उलटा ठेवला.

मी इथे कपड्यांच्या कारखान्यात मशीनं दुरुस्त करतो. काही अडलं की बाकीचे फोनवर बाबांची साइट काढतात आणि माझ्यापुढे धरतात. मी न बघताच पुढचं सांगतो. त्यांना वाटतं हा फार हुशार. पट्ट्याला तेल देणारा तो मीच, हे इथे कुणाला माहीत नाही.

बाबांना एक विचार. जाड कापडावर मधूनच एक टाका सुटतो. सुई आणि खाली दोरा पकडणाऱ्या शटलचं टोक यांच्यातली फट जास्त आहे असं मला वाटतं. बाबा त्या फटीत कागदाचा तुकडा घालून अंदाज घ्यायचे. कुठला कागद? बाकीच्यांकडून सगळी साइट पालथी घालून घेतली, कुठेच नाही. मी विचारलं म्हणून सांगू नको. पण उत्तर त्यांच्याकडूनच आण.

ती चष्म्याची टीप कधीची आहे? त्यावर तारीख नाही.

गुंड्या’

हे असं आहे. उत्तर माझ्याकडे पाठवू नकोस. मी मध्ये पडले की काय होतं ते आपण पाहिलं.

बारकी


२३ जून

गुंड्या,

‘मी विचारलं म्हणून सांगू नको’ असं तू आत्याला लिहिलंस. आत्याला! लहानपणी शर्टाचं बटण गिळलंस तेव्हाही तिलाच सांगितलं होतंस की बाबांना सांगू नको, आणि तिने गल्लीच्या टोकापासून ओरडत येऊन सांगितलं. तेव्हापासून तू गुंड्या.

कागद बिलबुकातल्या दुसऱ्या प्रतीचा. पहिल्या प्रतीचा जाड असतो, तो चालत नाही. सुई अगदी खाली जाऊन किंचित वर यायला लागते आणि शटलचं टोक तिच्या मागून जातं, तिथे थांबायचं. कागदाची बोटभर पट्टी मधे घालायची आणि हळूच ओढायची. ती अडकली तर फट कमी. भसकन आली तर जास्त. पट्टी यावी, पण यायचं नव्हतं अशी यावी. शटल तेवढं सरकवून स्क्रू आवळायचा आणि पुन्हा बघायचं, कारण आवळताना ते हलतं.

हे साइटवर नाही, कारण हे मला लिहिता आलेलं नाही. आठ-दहा वेळा लिहिलं आणि खोडलं. वाचणाऱ्याला कागद कळेल, पण ओढताना बोटाला काय लागायला हवं ते कळणार नाही, आणि तो फट आणखी बिघडवून बसेल. हे शेजारी उभं राहून, हात धरून दाखवायचं असतं. तुला दाखवायचं राहून गेलं. पाकिटात माझ्या बिलबुकातल्या पाच पट्ट्या घातल्या आहेत. त्या माझ्या मशीनवर लावून बघितलेल्या आहेत. एक बाद झाली तर दुसरी घे.

चष्म्याची टीप गेल्या पावसाळ्यातली. त्यानंतर नंबर वाढलेला नाही.

त्या दिवशी मी दोन गोष्टी बोललो. यंत्राबद्दल बोललो ते खरं होतं. तुझ्याबद्दलचं नव्हतं.

फोटो आणि लिंका आता आत्याची यंत्रं सांभाळतात. पट्ट्याला तेल देत नाहीत तोवर माझी हरकत नाही. खिडकीजवळचं काळं मशीन महिन्यातून एकदा चालवतो. पायडल जड झालंय, कुठे अडतंय ते मला सापडत नाही. रविवारी दुकान बंद असतं, मी आत असतो.

टाका सुटायचा थांबला का, ते कळव. आत्याला नको, मला कळव.

बाबा

ता. क. : हे अजून आत्यालाही सांगितलेलं नाही. तुझं पत्र वाचलं त्याच दिवशी एका कंपनीची माणसं दुकानात येऊन गेली. मी इतक्या वर्षांत वाचकांना दिलेली सगळी उत्तरं त्यांना हवी होती. ती वाचून त्यांचं यंत्र तयार होणार, आणि मग कुणीही, कधीही, काहीही विचारलं की ते माझ्या नावाने, माझ्या ढंगात, तिथल्या तिथे उत्तर देणार. मला नुसतं बसून राहायचं. त्यांनी नमुना दाखवला. त्यात मशीनची चूक एकही नव्हती, आणि वाचताना मला वाटलं की हे मीच कधीतरी लिहिलं असावं. मनगट वाचलं असतं. पण मनात आलं, एखाद्या दिवशी तू तो अर्धा टाइप केलेला पत्ता पूर्ण करशील, कुठल्याशा फटीबद्दल काहीतरी विचारशील, उत्तर त्याच्याकडून येईल, आणि तू समजशील की बाबा बोलले. तसलं समजून माणूस दोन वर्षं कशी काढतो ते मला ठाऊक झालेलं होतं. आधी ते आठ लाख म्हणाले. मी खणातल्या सुया लावत राहिलो, तेव्हा वाढवले. दुसऱ्या दिवशी मी नाही म्हणून कळवलं. साडेअकरा लाख देत होते.